गिटहबवर होतं म्हणून घेतलं?

नागपूरच्या आयटी पार्कातल्या एका छोट्या कंपनीत मी काम करतो. प्रोजेक्ट ग्राहकाला देण्याआधी त्यातल्या बाहेरच्या लायब्ररींची (दुसऱ्यांनी लिहिलेल्या तयार कोडची) आणि त्यांच्या लायसन्सची यादी मी तपासतो. नव्याने लागलेली मुलं कोड उत्तम लिहितात, पण लायसन्स विचारलं की उत्तर येतं, "सर, गिटहबवर होती." गिटहब ही कोड ठेवायची वेबसाइट; तिथे कोड दिसतो म्हणजे तो वापरायची परवानगी मिळाली, असं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याखाली संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते. त्यामुळे लायसन्सची फाइलच नसेल, तर हक्क लिहिणाऱ्याकडेच राहतात.

एमआयटी आणि बीएसडी ही लायसन्स सोपी आहेत: कॉपीराइटची ओळ आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवा, मग उत्पादन खुशाल विका. अपाची २.० या लायसन्समध्ये पेटंटचीही परवानगी मिळते. बदललेल्या फाइलींवर तशी नोंद मात्र करावी लागते.

खरी भीती असते जीपीएल या लायसन्सची, आणि ती बरीचशी अर्धवट माहितीतून आलेली. समजा, कळमना मार्केटातल्या अडत्यासाठी तुम्ही बिलिंगचं सॉफ्टवेअर करताय आणि त्यात जीपीएल लायब्ररी जोडली आहे. ते फक्त तुमच्याच ऑफिसात चाललं, तर कोणालाही सोर्स (मूळ कोड) द्यायची गरज नाही. अडत्याच्या कॉम्प्युटरवर बसवून दिलं, तर त्याला तुमच्या कोडसकट पूर्ण सोर्स जीपीएलखाली मिळण्याचा हक्क आहे. पैसे घ्यायला जीपीएल अजिबात अडवत नाही. सॉफ्टवेअर तुमच्या सर्व्हरवर राहिलं आणि अडत्या ब्राउझरमधून वापरतो, तर सर्व्हरचा कोड वाटला गेला असं होत नाही. ब्राउझरमध्ये उतरून तिथेच चालणारी जावास्क्रिप्ट (पानाचा कोड) मात्र वाटलीच जाते, आणि हे अनुभवी लोकांच्याही नजरेतून सुटतं. सर्व्हरची ही पळवाट २००७ च्या एजीपीएल या जीपीएलसारख्याच लायसन्सने बंद केली: तुम्ही बदललेला प्रोग्रॅम लोक नेटवर्कवरून वापरत असतील, तर त्यांना सोर्स द्यावा लागतो. म्हणून एजीपीएल दिसलं की आधी टीम लीडला विचारा.

यादीत लायब्ररीच्या नावाशेजारी आवृत्तीही लिहा, कारण लायसन्स बदलतात. टेराफॉर्म या सॉफ्टवेअरने २०२३ मध्ये आणि रेडिस या डेटाबेसने २०२४ मध्ये पुढच्या आवृत्त्यांचं लायसन्स बदललं. आधीच्या आवृत्त्या जुन्याच अटींवर राहिल्या.

मराठी अ‍ॅप करणाऱ्यांनी फॉन्टही पाहावा. 'मुक्त' हा देवनागरी फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहे. तो अ‍ॅपमध्ये घालून अ‍ॅप विकता येतं, नुसता फॉन्ट विकता येत नाही.

आणि नोकरीत, कामाचा भाग म्हणून लिहिलेला कोड वेगळा करार नसेल तर कंपनीच्या मालकीचा असतो. तो स्वतःच्या गिटहबवर टाकायचा असेल, तर आधी लेखी परवानगी घ्या.