लॉजिक नव्याने शिकताय? आधी डेफिनिएन्डम नीट बघा

लॉजिकचा पेपर घेतला की सुरुवातीलाच डेफिनिएन्डम आणि डेफिनिएन्स ही लॅटिन जोडी अंगावर येते. ज्याची व्याख्या करायची ते डेफिनिएन्डम, आणि ज्या शब्दांत करायची ते डेफिनिएन्स, बास. गणितात := हे चिन्ह दिसलं तर कोलनच्या बाजूला असतं ते डेफिनिएन्डम.

मी बरीच वर्षं हा विषय शिकवतेय आणि दरवेळी तेच दिसतं, पोरं सगळी मेहनत डेफिनिएन्स घासूनपुसून नीट करण्यात घालवतात आणि व्याख्या नक्की कशाची चाललीये हे बघतच नाहीत. गणितातल्या लिमिटचंच घ्या. तिची एप्सिलॉन-डेल्टावाली व्याख्या तोंडपाठ असते, पण यात डेफिनिएन्डम कोणतं विचारलं की उत्तर येतं 'लिमिट'. नाही ना! तिथे 'एक्स हा ए कडे जाताना एफ ऑफ एक्सची लिमिट एल आहे' या अख्ख्या वाक्याची व्याख्या केलेली असते, म्हणून 'लिमिट ही वस्तू काय' हे त्यात शोधत बसलात तर कितीही वाचा, हाती काही लागत नाही.

डेफिनिएन्डम पक्कं झालं की मग तपासणी, आणि ती दोन्ही बाजूंनी करायची. मूळ संख्या म्हणजे '१ ने आणि स्वतःने भाग जाणारी' असं लिहिलंत तर भाग कशानेही जाऊ दे, सगळ्याच संख्या आत येतात. 'फक्त' घातलं तरी १ घुसतोच. 'नेमके दोन विभाजक असलेली नैसर्गिक संख्या' म्हटलं की सुटलं. नको ते असं आत आलं तर न्यायशास्त्रात (म्हणजे जुन्या भारतीय तर्कशास्त्रात, कायद्यात नव्हे) त्याला अतिव्याप्ती म्हणतात, उलट काही सुटून गेलं तर अव्याप्ती, आणि कुठेच लागू पडलं नाही तर असंभव (गाय म्हणजे न दुभंगलेल्या, एकसंध खुराचा प्राणी, हे नेहमीचं उदाहरण). नोट्समध्ये मी अजूनही हेच तीन शब्द वापरते, सुटसुटीत आहेत. फक्त न्यायातलं लक्ष्य (ज्याची व्याख्या करायची ते) म्हणजे वस्तू आणि आपलं डेफिनिएन्डम बहुतेक वेळा शब्द, हा फरक डोक्यात असू द्या.

तोंडी परीक्षेत प्लूटो हमखास निघतो. प्लूटोला ग्रहांतून वगळणाऱ्या, आंतरराष्ट्रीय खगोलशास्त्रीय संघाच्या २००६ च्या ठरावातल्या व्याख्येत ग्रह सूर्याभोवती फिरला पाहिजे अशी अट आहे, मग दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह ग्रहच नाहीत का, असं विचारून गोंधळवतात. घाबरू नका, त्या ठरावात व्याख्या फक्त आपल्या सूर्यमालेतल्या ग्रहांची केलीये, बाकीच्यांबद्दल तो काही म्हणतच नाही.