जुनी जीप घरच्यांनी मिळून उभी करायची, तर एकदम खोलू नका

महिंद्राची सीजे-3बी, म्हणजे उंच बॉनेटवाली पेट्रोल जीप, अजूनही कुठल्या तरी गोठ्याच्या कडेला किंवा वाड्याच्या परसात गंजत उभी दिसते. तिचं बॉनेट उंच का, याचं उत्तर इंजिनात आहे. 2199 सीसीच्या हरिकेन इंजिनाचे इनटेक व्हॉल्व्ह (मिश्रण आत घेणारे) हेडमध्ये, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणात, आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह (धूर बाहेर सोडणारे) खालच्या ब्लॉकमध्ये आहेत. त्यामुळे इंजिन उंच झालं आणि ही जीप मुळात बनवणाऱ्या अमेरिकेतल्या विलीज कंपनीला बॉनेट वर उचलावं लागलं. घरातल्या सगळ्यांनी मिळून शिकत शिकत दुरुस्त करायला याहून चांगली गाडी सापडणं कठीण. इलेक्ट्रॉनिक्स काही नाही, सगळा मामला नट-बोल्टांचा, आणि बॉनेट उघडलं की दोघांनी दोन बाजूंनी हात घालावेत एवढी मोकळी जागा.

घरी सुरू केलेल्या बहुतेक जीप एकाच कारणाने अर्ध्यावर राहतात. पहिल्या दोन रविवारी उत्साहाच्या भरात अख्खी गाडी खोलली जाते, तिसऱ्या महिन्यात कुठला बोल्ट कुठला हे कुणालाच आठवत नाही, आणि मग सुटे भाग पोत्यात जातात. म्हणून एका वेळी एकच भाग खोला. तो पुरता करून जोडा, मगच पुढचा घ्या. गाडी शक्यतो चारही चाकांवर राहू द्या. ढकलून बाहेर काढता येते तोवर ती गाडी असते. दर रविवारचे चार तास धरले तर दीड-दोन वर्षं सहज लागतात, हे घरात आधीच बोलून ठेवा.

कागद आधी

आरसीवरचा चासी नंबर आणि गाडीवरचा नंबर जुळतो का, हे पाना हातात घेण्याआधी बघा. अशा असंख्य जीपमध्ये पुढे डिझेल इंजिन बसवलं गेलं. त्याची नोंद आरसीवर नसेल तर आरटीओत अडकाल. गाडी 50 वर्षांहून जुनी असेल तर 2021 च्या नियमांनुसार तिची व्हिंटेज नोंदणी करता येते. नंबरात ‘व्हीए’ ही अक्षरं येतात, नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये आणि मुदत 10 वर्षं. त्यात दोन अटी आहेत. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा, आणि अशी गाडी रोजच्या वापरात आणता येत नाही. तुम्हाला जीपने शेतावर जायचं आहे की रॅलीत उतरायचं आहे, यावर नोंदणी कुठली हे ठरतं. डिझेल इंजिन ठेवायचं की मूळ पेट्रोल इंजिन शोधायचं, हेही त्यावरच ठरतं.

सुट्या भागांची वही

हे काम दहा-बारा वर्षांच्या मुलांकडे द्या, आणि मनापासून द्या, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. प्रत्येक भाग सुटण्याआधी मोबाइलवर तीन फोटो: लांबून, जवळून आणि बाजूने. बोल्ट झिपच्या पिशवीत, आत जाड कागदाची चिठ्ठी, चिठ्ठीवर पेन्सिलने नंबर आणि जागा. शाई तेलात विरघळते, पेन्सिल टिकते. तोच नंबर वहीत. शिमची (माप जुळवायच्या पातळ चकत्यांची) चळत जशी निघेल तशी तारेत ओवून ठेवा. त्यांचा क्रम आणि जाडी हरवली तर किंगपिनचं (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचं) माप पुन्हा पहिल्यापासून काढावं लागतं.

मुलांना जॅकवर उचललेल्या गाडीखाली जाऊ देऊ नका, आणि मोठ्यांनीही नुसत्या जॅकच्या भरवशावर जाऊ नये. चासीखाली जॅक स्टँड हवेतच. जुन्या ब्रेक लायनिंगच्या भुकटीत अॅस्बेस्टॉस असू शकतं. ती हवेच्या प्रेशरने उडवू नका, पाण्याने ओली करून फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका.

पहिलं काम ब्रेकचं

इंजिन सुरू करायची घाई सगळ्यांना असते, पण थांबता न येणारी जीप सुरू करून उपयोग नाही. चारही व्हील सिलिंडर (चाकातले, ब्रेकचे शू ड्रमवर दाबणारे) काढा. 9 इंची ड्रमच्या गाडीत पुढचे 1 इंचाचे आणि मागचे पाऊण इंचाचे असतात, त्यामुळे किट घेताना अदलाबदल करू नका. बोअरमध्ये, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भोकात, नखाला लागतील असे खड्डे असतील तर रबर बदलून भागत नाही, सिलिंडरच नवा घ्या. लोखंडी पाइप वरून चांगले दिसले तरी क्लिपखाली गंजलेले असतात, तेव्हा सगळे बदला. ब्रेक ऑइल डॉट 3 प्रतीचं.

ब्रेकच्या पाइपांतली हवा काढताना मास्टर सिलिंडरपासून (पेडलला जोडलेल्या मुख्य सिलिंडरपासून) सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करा. उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत ते मागचं डावं. एक जण पेडलवर, एक जण चाकाच्या निपलपाशी (हवा सोडायच्या स्क्रूपाशी), आणि तिसऱ्याने मास्टर सिलिंडरमधलं ऑइल कमी होऊ द्यायचं नाही. मास्टर सिलिंडर फ्लोअरखाली असल्याने हे तिसरं माणूस नसलं की हमखास पुन्हा हवा शिरते.

पेडलला अर्धा इंच मोकळा खेळ ठेवा. पेडल कडक असावं म्हणून हा खेळ काढून टाकणं ही नेहमीची चूक. खेळ नसला की पिस्टन पूर्ण मागे येत नाही, ऑइल परत जायचं बारीक भोक झाकलेलंच राहतं, ड्रम तापला की ऑइल फुगतं आणि ब्रेक आपोआप धरतात. चार-पाच किलोमीटरवर गाडी जड वाटू लागली तर हेच बघा.

अडकलेलं इंजिन

प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये दोन-तीन चमचे पेनिट्रेटिंग ऑइल सोडा आणि आठवडाभर विसरून जा. मग समोरून इंजिन फिरवायचं हँडल लावून हळूच पुढे-मागे हलवून बघा. जोर लावू नका, आणि गाडी ओढून इंजिन सोडवायचा प्रयत्न तर मुळीच नको, रिंगा तुटतात. हँडल धरताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मूठ आवळायची नाही. पुढे इंजिन चालू करताना हँडल उलटं मारलं तर अशा पकडीतून ते निसटून जातं, आवळलेल्या मुठीत अंगठा मोडतो. घरातल्या प्रत्येकाला हे हाताने करून दाखवा.

इंजिन फिरलं की प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजा. 100 ते 120 पीएसआय असेल आणि चार सिलिंडरमधला फरक 10 च्या आत असेल तर हेड उघडू नका. कमी आलं तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर इंजिन ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर रिंगा गेल्या, नाही चढला तर व्हॉल्व्ह.

हेड काढायचंच ठरलं तर एक बोल्ट डोळ्यांना दिसत नाही. तो कार्ब्युरेटरच्या खाली, हवेच्या वाटेतच बसलेला आहे. कार्ब्युरेटर उतरवून आत टॉर्च मारला की काळवंडलेलं डोकं दिसतं. तो न काढता हेडखाली पहार घालून बरेच हेड तडकवले गेले आहेत. बसवताना सगळे बोल्ट मधून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत, शेवटी 60 ते 70 फूट-पाउंडला.

टॅपेटची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागाची) फट थंड इंजिनावर लावा: इनटेक 0.018 इंच, एक्झॉस्ट 0.016 इंच. इनटेकचे वरून लागतात, एक्झॉस्टसाठी ब्लॉकच्या बाजूचं झाकण काढावं लागतं, म्हणून घाईत ते तसेच सोडले जातात आणि मग व्हॉल्व्ह जळतात. डिस्ट्रिब्युटरमधल्या पॉइंटची फट 0.020 इंच, प्लगची 0.030 इंच, फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटायचा क्रम) 1-3-4-2.

गाडी सतत तापत असेल तर रेडिएटरवर पैसे घालण्याआधी ब्लॉकचे वॉटर प्लग काढा. आत चिखलासारखा गंज बसलेला असतो. तो तारेने खरवडून, पाण्याच्या धारेने स्वच्छ होईपर्यंत धुवा. आणि आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, त्यात जुने रबर पाइप मऊ पडून चिरतात आणि गाडीतल्या पेट्रोल पंपाचा रबरी पडदा जातो. दोन्ही इथेनॉल चालणारे घ्या. या एका बाबतीत मूळ भागाचा हट्ट नको, आग लागण्याचा प्रश्न आहे.

गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, स्टिअरिंग

तीन गिअरच्या गिअरबॉक्सला साधारण 1.4 लिटर आणि ट्रान्सफर केसला (ताकद पुढच्या-मागच्या चाकांत वाटणाऱ्या पेटीला) 1.6 लिटर 90 नंबरचं ऑइल लागतं. ऑइल जीएल-4 प्रतीचंच घ्या. जीएल-5 मधली काही रसायनं सिंक्रोच्या (गिअर सहज पडावा म्हणून असलेल्या रिंगांच्या) पितळेला खातात. पुढे गिअरबॉक्सचं ऑइल कमी झालेलं आणि ट्रान्सफर केसचं वाढलेलं दिसलं तर दोघांमधलं सील गेलं समजा.

ट्रान्सफर केस घुरघुरत असेल तर मधल्या गिअरची शाफ्ट झिजलेली असते. ती तीन मापांत येते: पाऊण इंच, सव्वा इंच, आणि या दोहोंमधली एक पूर्णांक एक अष्टमांश. आधी व्हर्नियरने मोजा, मगच कुर्ल्याला किंवा पुण्याच्या नाना पेठेत जा. जुनी शाफ्ट सोबत न्या. ‘जीपचीच आहे’ एवढ्यावर विकत घेतलेला गिअर घरी येऊन बसत नाही.

स्टिअरिंग थरथरत असेल तर चाकं बॅलन्स करण्याआधी किंगपिन बेअरिंग आणि मधला बेल क्रँक (स्टिअरिंगची ओढ चाकांकडे वळवणारा तुकडा) हलवून बघा. व्हील बेअरिंग चाक जड होईपर्यंत कसा, मग नट एक षष्ठांश फेरा सैल करा. टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळलेली असण्याचं माप) 3/64 ते 3/32 इंच.

पत्रा आणि रंग

कुजलेला फ्लोअर कापण्याआधी बॉडी चासीला बोल्टने घट्ट धरलेली हवी आणि आत कोन-पट्टीचे आडवे आधार वेल्ड केलेले हवेत. नाहीतर फ्लोअर निघताच बाजू उघडतात आणि पुढची काच बसत नाही. पत्रा 18 गेज. वेल्डिंग सलग ओढू नका, एकेक टाका लांब लांब टाकत जा, पत्रा वाकत नाही. लांबी (पुट्टी) भरून झाकलेला गंज एका पावसाळ्यात फुगून वर येतो.

रंग पेंटरकडूनच करून घ्या, टू-के (हार्डनर मिसळून मारायच्या) रंगाची वाफ घरात नको. आणि जून ते सप्टेंबर रंग मारू नका, दमटपणाने चकाकी मरते. हूड (जीपचं कापडी छत) आणि सीटची कव्हरं मात्र घरी होतात. जुनं कव्हर उसवून त्याचाच कागदी नमुना काढा. ज्याचा हात मशीनवर बसलेला आहे त्याने जाड कॅनव्हास जाड सुईने शिवावा, टाका लांब ठेवावा.

पहिली फेरी

बॅटरीची अर्थ केबल जिथे लागते तिथला रंग खरवडा, नाहीतर स्टार्टर रेंगाळेल. पहिले 50 किलोमीटर घराजवळच फिरवा. परत आल्यावर चारही ड्रम हाताने चाचपा. एखादाच जास्त तापला असेल तर त्याचे शू घासत आहेत. फोर-व्हील, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारा लीव्हर, डांबरी रस्त्यावर लावू नका. मधे डिफरन्शियल (चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) नसल्याने पुढची-मागची चाकं एकमेकांना ओढतात आणि लीव्हर जाम होतो. झालाच तर थोडं सरळ मागे घ्या, सुटतो.

इंजिन उघडलं असेल तर 500 किलोमीटरला ऑइल बदला आणि इंजिन थंड असताना हेडचे बोल्ट पुन्हा कसा. त्यासाठी कार्ब्युरेटर पुन्हा उतरवावा लागेल. त्याखालचा तो बोल्टही कसायचा आहे.