लॉलीपॉप लेडी व्हायचंय? मग आधी थांबायला शिका

इंग्लंडात नव्यानं आलेल्या मराठी मुली मला हमखास विचारतात, "काकू, तुमचं ते काठी घेऊन उभं राहायचं काम आम्हाला मिळेल का?" मिळेल की. लॉलीपॉप लेडी म्हणजे 'स्टॉप'ची गोल पाटी लावलेली काठी दाखवून शाळेपाशी गाड्या थांबवणारी आणि पोरांना रस्ता पार करून देणारी बाई. पण काठी हातात यायच्या आधी बरंच काही असतं.

हे काम सहसा शाळा देत नाही, काउन्सिल, म्हणजे इथली स्थानिक पालिका, देतं. जाहिरातीत 'स्कूल क्रॉसिंग पॅट्रोल' असं लिहिलेलं असतं, तेच शोधा. शिक्षणाची मोठी अट नसते, समोरच्याला समजेल इतपत इंग्रजी पुरतं. नवऱ्याच्या डिपेंडंट व्हिसावर असाल तर सहसा अडचण येत नाही. मात्र बाळंतपणाला व्हिजिटर व्हिसावर आलेल्या आईला यात ओढू नका, तिला इथे नोकरी करता येत नाही. मुलांशी संबंध येतो म्हणून डीबीएसची, म्हणजे गुन्ह्यांची नोंद आहे का याची, तपासणी होते. शिवाय डोळे, कान आणि उभं राहायची ताकद बघतात. मग अनुभवी माणसाबरोबर रस्त्यावरच शिकवतात.

आता खरं काम. गाड्या अडवणं सोपं असतं, अवघड असतं पोरांना अडवणं. पोरं फुटपाथवर, रस्त्याच्या कडेपासून मागे उभी राहिली पाहिजेत. सुटी सुटी पार करायची नाहीत, चार-सहा जमू द्यायची. गाड्यांच्या रांगेत नैसर्गिक फट पडायची वाट बघायची. भरधाव येणाऱ्या गाडीपुढे काठी नाचवण्यात कसलंही शौर्य नाही. ओल्या रस्त्यावर गाडी थांबायला जास्त अंतर लागतं, तेव्हा पावसात आणखी धीर धरायचा.

फट दिसली की आधी काठी उंच करून ड्रायव्हरला दाखवायची, मग आपण एकटीनं रस्त्याच्या मध्यावर जायचं. काठी उभी, दुसरा हात आडवा, दोन्ही बाजूंच्या गाड्या पूर्ण थांबल्याची खात्री, आणि त्यानंतरच पोरांना हाक. "चालत या, पळायचं नाही," हे माझं रोजचं पालुपद. शेवटचं पोर पलीकडच्या फुटपाथवर चढेपर्यंत काठी खाली येत नाही. रस्त्यात पहिलं पाऊल आपलं आणि शेवटचंही आपलंच.

परत येताना गाड्यांना 'जा' असा हात करायचा नाही. नव्या बायकांना सौजन्य म्हणून तो मोह फार होतो. पण आपण ट्रॅफिक पोलीस नाही. आपल्याला फक्त थांबवायचा अधिकार आहे, तोही नेमून दिलेल्या जागी, गणवेशात आणि ती ठरलेली पाटी हातात असताना. कोपऱ्यावरच्या दुकानापाशी कुणी अडकलं म्हणून काठी घेऊन तिकडे जायचं नाही.

हा अधिकार 1953 च्या कायद्यानं आला, आता तो 1984 च्या रस्ते वाहतूक नियमन कायद्यात आहे. पाटी दाखवूनही जो थांबत नाही त्याला 1,000 पौंडांपर्यंत दंड आणि लायसन्सवर 3 पेनल्टी पॉइंट बसू शकतात. तरी काही महाभाग जातातच! त्यांच्याशी भांडू नका. नंबर, रंग, वेळ लक्षात ठेवा, पोरं पार झाली की वहीत लिहा आणि सुपरवायझरला कळवा. 2000 च्या कायद्यानंतर मोठ्या माणसांसाठीही गाड्या थांबवता येतात, त्यामुळे काठी टेकत येणाऱ्या आजोबांना "फक्त मुलांसाठी" म्हणून परतवू नका.

आईबाप कधीकधी पोरगं आपल्यावर सोपवून लांबूनच हात हलवतात. त्यांना गोड बोलून सांगायचं, की आम्ही उभ्या असलो तरी पोराची जबाबदारी तुमचीच. पोरांना गोळ्या-चॉकलेटं द्यायची नाहीत आणि ड्युटीवर फोन खिशातच.

कोट-टोपी काउन्सिल देतं. बूट मात्र स्वतः नीट बघून घ्या, तळ जाड हवा. मी इचलकरंजीची, पाऊस मला नवा नव्हता, पण जानेवारीत तळव्यांतून वर चढणारी थंडी वेगळीच.

पगार ताशी, आणि तास थोडे: सकाळी पाऊण-एक, दुपारी तेवढाच. यावर घर चालणार नाही. मधला वेळ तुमचा, पण दिवस दोन ठिकाणी तुटतो, त्यामुळे दुसरी नोकरी जुळवताना नाकी नऊ येतात. जवळच्या शाळेपाशी जागा नसेल तर 'रिलीफ'साठी नाव द्या. कुणी आजारी पडलं की त्या रस्त्यावर तुम्हाला पाठवतात, आणि कायमची जागा निघाली तर तुम्ही आधीच शिकलेल्या असता.