नॉसची तीन रूपं अभ्यासताना

नायट्रिक ऑक्साइड हा वायू बनवणारं एन्झाइम म्हणजे नायट्रिक ऑक्साइड सिंथेज, प्रयोगशाळेच्या बोलीत ‘नॉस’. सुरुवातीला मी त्याची तीन रूपं पत्त्यासारखी पाठ केली होती: एन-नॉस चेतापेशीत, ई-नॉस रक्तवाहिनीच्या अस्तरात, आय-नॉस प्रतिकारपेशीत. परीक्षेला तेवढं पुरतं. पण एन-नॉस हाडांना जोडलेल्या स्नायूंतही असतं आणि दाह झाला की मेंदूतल्या मायक्रोग्लिया (तिथल्या प्रतिकारपेशी) आय-नॉस बनवू शकतात. म्हणून नवख्यांनी आधी विचारावं, हे एन्झाइम सुरू कशाने होतं?

पेशीत कॅल्शियम वाढलं की कॅल्मोड्युलिन हे प्रथिन एन-नॉसला आणि ई-नॉसला जोडलं जातं आणि आर्जिनिन या अमिनो आम्लापासून नायट्रिक ऑक्साइड तयार होऊ लागतं. आय-नॉसला कॅल्मोड्युलिन आधीच घट्ट चिकटलेलं असतं, त्यामुळे ते कॅल्शियमच्या चढउताराची वाट पाहत नाही. एकदा तयार झालं की तासन्‌तास वायू सोडत राहतं.

मला सर्वांत सुंदर वाटते ती एन-नॉसची बसायची जागा. पीडीझेड या त्याच्या जोडणीच्या भागामुळे ते पीएसडी-९५ या प्रथिनाला धरून एनएमडीए ग्राहीच्या शेजारी राहतं; ग्लुटामेट या चेतापेशींमधल्या संदेशवाहकामुळे कॅल्शियम जिथून आत शिरतं, अगदी तिथेच. एन-नॉसच्या बीटा आणि गॅमा या स्प्लाइस रूपांत (त्याच जनुकाचे तुकडे वेगळे जोडून बनलेल्या रूपांत) हा भाग नसतो. म्हणून नॉकआउट, म्हणजे जनुक निकामी केलेल्या, उंदरांवरचा शोधनिबंध वाचताना जनुकाचा नेमका कोणता तुकडा काढलाय, हे आधी पाहा.

पक्षाघाताच्या प्रयोगांत एन-नॉस नसलेल्या उंदरांच्या मेंदूची हानी कमी झाली, ई-नॉस नसलेल्यांची वाढली. एल-नेम हे नॉस रोखणारं रसायन मात्र सगळीच रूपं रोखतं. नुसतं तेवढंच वापरून ‘नायट्रिक ऑक्साइड घातक’ असा निष्कर्ष काढू नका.

नॉस असलेल्या पेशी निळ्या दिसाव्यात म्हणून डायफोरेज रंगकाम करतात. माझ्या पहिल्या प्रयत्नात मेंदूचा अख्खा काप निळा झाला होता. पॅराफॉर्माल्डिहाइडमध्ये ऊती नीट स्थिर झाली नव्हती, त्यामुळे एनएडीपीएच (या रंगकामात घालायचा सहघटक) वापरणारी इतर एन्झाइमंही रंग देत होती. पुढच्या वेळी ऊती व्यवस्थित स्थिर केली. स्ट्रायटम या मेंदूच्या आतल्या भागात तुरळक, गडद निळ्या पेशी उमटल्या, फांद्यांसकट. शेकड्यात एखाद-दुसरीच. सोबत एनएडीपीएच न घातलेला एक काप नेहमी ठेवा. तो कोरा राहिला, तरच बाकीच्या निळ्यावर विश्वास ठेवता येतो.