परदेशात राहायचं कोणत्या शहरात? बडोद्याहून निघताना या चुका टाळा

गेल्या हिवाळ्यात सुट्टीवर बडोद्याला आलो, तेव्हा दुसऱ्याच संध्याकाळी भाच्यानं लॅपटॉप उघडून माझ्यासमोर ठेवला. दांडिया बाजारातलं आमचं जुनं घर, आई आत देवापाशी दिवा लावत होती आणि पडद्यावर एक्सेलचा तक्ता. डावीकडे नऊ शहरं: टोरंटो, ब्रॅम्प्टन, कॅल्गरी, मेलबर्न, पर्थ वगैरे. वर रकाने: 'ओळखीचं कोण', 'जगात कितवा नंबर', 'थंडी'. प्रत्येकाला दहापैकी मार्क. बेरजेत ब्रॅम्प्टन पहिलं आलेलं.

"मामा, बरोबर आहे ना?"

मीही २०१७ साली ओंटारिओ प्रांतातलं, टोरंटोजवळचं ब्रॅम्प्टन असंच निवडलं होतं, फक्त तक्ता केला नव्हता. चौदा महिन्यांनी सगळा संसार उचलून साडेतीन हजार किलोमीटरच्या घरात प्रवास करून अल्बर्टा प्रांतातल्या एडमंटनला गेलो. त्या चौदा महिन्यांत जे कळलं ते त्याला सांगितलं, तेच इथे लिहितोय. माझा अनुभव कॅनडाचा आहे, त्यामुळे उदाहरणं तिथलीच जास्त येतील.

देश ठरला की सगळं ठरलं, असं समजणं

आपल्याकडे चर्चा कायम देशाचीच. कॅनडा की ऑस्ट्रेलिया, आयेल्ट्समध्ये, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेत, किती बँड आले, कुणाची फाइल लागली, कुणाचा पीआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, आला. शहराचा विषय निघतो तो थेट विमानाचं तिकीट काढताना. पण घरभाडं, नोकरी, मुलांची शाळा, कामावर जायला लागणारा वेळ, हे सगळं शहरावर ठरतं. एकाच कॅनडात अल्बर्टात खरेदीवर ५ टक्के कर लागतो, ओंटारिओत १३ आणि नोव्हा स्कोशियात १४. ओंटारिओनं सरकारी आरोग्यसेवेसाठीची तीन महिन्यांची वाट बघणं २०२० मध्ये काढून टाकलं, ब्रिटिश कोलंबियात मात्र पोचलेला महिना संपून वर दोन महिने थांबावं लागतं. तेवढ्या दिवसांचा खासगी विमा खिशातून काढायचा. हे बडोद्यात बसूनच कळू शकतं, फक्त कुणी विचारत नाही.

ओळखीचं माणूस आहे म्हणून तिथंच जाणं

आमचे एक दूरचे नातेवाईक ब्रॅम्प्टनला होते. "घर आपलंच समजा," म्हणाले. घर म्हणजे बेसमेंट. एकच खिडकी, तीही छताला टेकलेली, बाहेरून जमिनीच्या पातळीवर. डिसेंबरात तिच्यावर बर्फ साचला की दुपारी बारा वाजता दिवा लावावा लागे. बर्फ नसेल तेव्हा येणाऱ्या-जाणाऱ्यांचे फक्त बूट दिसत. माझा मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता, तो बुटांवरून माणसं ओळखायला शिकला. भाडं बाजारभावानंच होतं, त्यात गैर काही नाही. गैर माझं झालं, पहिल्या पंधरा दिवसांची सोय मी कायमची करून टाकली.

कारण त्या घराच्या आसपास काम होतं ते गोदामांत. विमानतळ जवळ, मोठे हायवे जवळ, त्यामुळे मालाची चढ-उतार आणि ट्रक हा तिथला मोठा धंदा. मी रात्रपाळीला खोक्यांवर लेबलं चिकटवायचो. बडोद्याजवळच्या केमिकल प्लांटमधली माझी अकरा वर्षं बायोडेटात वाचायला छान वाटायची. तिथं ती विचारणारं कुणी नव्हतं.

नातेवाईकाकडे उतरायला जरूर जा. विमानतळावर घ्यायला येणारं माणूस, पहिल्या रात्रीची खिचडी, बँकेत सोबत, याचं मोल मोठंच आहे. पण सामानातल्या दोन बॅगा बांधलेल्याच राहू द्या.

आपलं काम कुठं वसलंय, हे न बघणं

माझ्या मते सगळ्यात महागात पडते ती हीच चूक, आणि बडोदेकरांनी तरी ती करू नये. कोयलीची रिफायनरी १९६५ मध्ये सुरू झाली, १९६९ मध्ये आयपीसीएल ही पेट्रोकेमिकल कंपनी आली, खतांचा कारखाना आला, आणि केरळपासून बंगालपर्यंतची माणसं बडोद्याला राहायला आली. त्यातल्या कुणी 'बडोद्यात आपला मावसभाऊ आहे' असा हिशोब केला नव्हता. त्यांचं काम इथं होतं. मग परदेशात जाताना आपण उलटं का वागतो?

केमिकल किंवा प्रोसेसवाल्यांसाठी कॅनडाचा नकाशा अगदी वेगळा दिसतो. एडमंटनच्या पूर्वेला रिफायनऱ्या ओळीनं उभ्या आहेत, ईशान्येला फोर्ट सॅस्कॅचेवानच्या परिसरात पेट्रोकेमिकलचे मोठे प्लांट आहेत. डिझाइन आणि मुख्य कचेऱ्या कॅल्गरीत. ओंटारिओतच राहायचं असेल तर सार्निया, अमेरिकेच्या हद्दीला लागून. त्या भागाला नावच 'केमिकल व्हॅली' आहे. टोरंटोहून गाडीनं तीन तास. मी चौदा महिने ओंटारिओत राहिलो आणि सार्नियाचं नाव पहिल्यांदा ऐकलं ते गोदामातल्या एका इराणी सहकाऱ्याकडून, जेवणाच्या सुट्टीत. तो स्वतः केमिकल इंजिनिअर. आम्ही दोघं लेबलं चिकटवत होतो.

जर्मनीला जाणाऱ्यांनी हाच चष्मा लावला तर बर्लिनच्या आधी लुडविग्सहाफेन, लेव्हरकुसेन दिसतील, अमेरिकेत ह्यूस्टन. मकरपुऱ्यात ट्रान्सफॉर्मरचं काम केलेल्याचा नकाशा आणखी वेगळा. युक्ती सोपी आहे. नोकरीच्या संकेतस्थळावर शहराची जागा रिकामी ठेवा, फक्त आपल्या पदाचं नाव टाका आणि महिनाभर रोज कुठून जाहिराती येतात ते वहीत लिहा. तीस दिवसांनी वही स्वतःच बोलते.

याला दुसरी बाजू आहे, तीही सांगतो. एकाच धंद्यावर उभं असलेलं शहर त्या धंद्याबरोबर बसतंही. २०१४ च्या उत्तरार्धात तेलाचे भाव कोसळले आणि २०१६ संपताना कॅल्गरीतली बेकारी १० टक्क्यांच्या वर गेली होती. म्हणून आपल्या कामाच्या शहराजवळ दुसरा कुठला उद्योग आहे का, हेही बघावं. आणि परवाना लागणारा पेशा असेल तर प्रांत आधी ठरवा, शहर मागाहून. कॅनडात इंजिनिअरचं, नर्सचं, फार्मासिस्टचं लायसन्स प्रांताची संस्था देते, राजधानी ओटावाहून येत नाही.

'जगातलं राहण्यालायक शहर' वाचून भुलणं

मेलबर्न २०११ ते २०१७ सलग एका प्रसिद्ध यादीत पहिलं होतं, मग दोन वर्षं व्हिएन्ना. त्या यादीत रुग्णालयं, शाळा, सुरक्षितता, रस्ते, संस्कृती सगळं मोजलं जातं. घरभाडं मात्र त्यात नसतं, महागाईची पाहणी वेगळी निघते. असल्या याद्यांचा एक मूळ उपयोग असा, की कंपनीनं परदेशी पाठवलेल्या साहेबाला गैरसोयीचा भत्ता किती द्यायचा हे ठरवता यावं. ज्याचं भाडं कंपनी भरते त्याच्यासाठीची यादी वाचून आपण बेसमेंट शोधायचं, याला काय म्हणावं!

भाच्याला तो रकानाच पुसायला लावला. त्याजागी 'दोन खोल्यांचं भाडं भागिले हातात येणारा पगार' असा रकाना केला. शहरांची क्रमवारी तिथल्या तिथं बदलली.

व्हिसाची अट न वाचता शहर ठरवणं

ऑस्ट्रेलियाचा ४९१ व्हिसा घेतला तर निवडीच्या गुणांत १५ गुण जास्त मिळतात, म्हणून बरेच जण त्याकडे वळतात. तो पाच वर्षांचा असतो आणि राहणं, काम, शिक्षण सगळं ठरवून दिलेल्या 'रीजनल' भागातच करावं लागतं. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन बाद. मात्र पर्थ, ॲडलेड, कॅनबेरा, गोल्ड कोस्ट यात बसतात, म्हणजे 'रीजनल' ऐकून खेडं डोळ्यांसमोर आणायचं कारण नाही. तीन वर्षं अटी पाळल्या की कायमच्या व्हिसासाठी अर्ज करता येतो. मेलबर्नला बहीण आहे म्हणून हा व्हिसा घेणाऱ्यानं काय साधलं?

कॅनडात केंद्र सरकार 'एक्सप्रेस एन्ट्री'त गुणांवर माणसं निवडतं; त्यात प्रांतानं नॉमिनेशन, म्हणजे शिफारस, दिली की ६०० गुण मिळतात, मग निवड जवळपास नक्की. अलकापुरीतल्या एका कन्सल्टंटनं माझ्यासमोर एका मुलाला सांगितलं होतं, "कोणताही प्रांत टाक, उतरल्यावर टोरंटोला जायचं." हा सल्ला घेऊ नका. पीआर झाल्यावर तिथल्या हक्कांच्या सनदेचं सहावं कलम कुठल्याही प्रांतात राहण्याची आणि काम करण्याची मोकळीक देतं, हे खरं. पण अर्ज करताना त्या प्रांतात राहण्याचा इरादा खरा असावा लागतो. तो खोटा होता असं ठरलं तर प्रकरण अंगाशी येतं. माँट्रियलचं भाडं बघून हुरळणाऱ्यांसाठी: माँट्रियलचा प्रांत क्वेबेक आपले लोक स्वतः निवडतो, केंद्राची एक्सप्रेस एन्ट्री तिथं राहू इच्छिणाऱ्यांसाठी नाही, आणि फ्रेंचशिवाय पान हलत नाही. अमेरिकेत एच-वन-बीवर, म्हणजे कंपनीमार्फतच्या कामाच्या व्हिसावर, असाल तर दुसऱ्या महानगरात जायला कंपनीला सुधारित अर्ज करावा लागतो.

नियम बदलत राहतात. फाइल टाकायच्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ स्वतः उघडून वाचा, व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फोटो नको.

बडोद्यात बसून घराचं डिपॉझिट भरणं

फोटो सुंदर, मालक 'सध्या परदेशात', किल्ली कुरिअरनं येणार. असं दिसलं की लॅपटॉप बंद करा. पहिले दोन-तीन आठवडे तात्पुरती खोली घ्या आणि घर डोळ्यांनी बघून करार करा. ओंटारिओत मालक डिपॉझिट म्हणून शेवटच्या एका महिन्याचं भाडं मागू शकतो, त्याहून जास्त नाही. अल्बर्टातही डिपॉझिट एका महिन्याच्या भाड्यापेक्षा जास्त घेता येत नाही. सहा महिन्यांचं आगाऊ मागणाऱ्याला हे ऐकवता येतं.

घर बघायला रविवारी जाऊ नका. सोमवारी सकाळी आठला तिथून कामाच्या ठिकाणी बसनं जाऊन बघा. फत्तेगंजहून मकरपुऱ्याला स्कूटरनं जायची सवय असलेल्या माणसाला उणे वीसमध्ये दोन बस बदलणं म्हणजे काय, ते एकदाच कळावं लागतं.

थंडी आणि मंडळ

थंडीचा बाऊ होतो. एडमंटनला काही दिवस उणे तीस होतं, पण घर गरम असतं आणि कोट मिळतात. मला जड गेला तो अंधार. डिसेंबरात सूर्य पावणेनऊला उगवतो आणि सव्वाचारला मावळतो. बडोद्याच्या उन्हात वाढलेल्या माणसानं तापमानाबरोबर सूर्यास्ताची वेळही बघून ठेवावी.

मराठी मंडळ आहे का, हे लोक फार आधी विचारतात. लंडनचं महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून आहे, आणि बहुतेक मोठ्या शहरांत गणपती बसतोच. आपण बडोद्याचे, म्हणजे गरब्यातही खपून जातो, सोबतीची चिंता आपल्याला इतरांपेक्षा निम्मी. शिवाय गायकवाडांच्या मागे पुण्या-साताऱ्याकडून आपले पूर्वज इथं आले ते दरबारात काम होतं म्हणून. मंडळं आणि नाटकं त्यांनी नंतर उभी केली.

चूक झालीच असेल तर

लगेच सामान बांधू नका. आधी नव्या शहराच्या नावानं अर्ज पाठवायला लागा आणि 'स्वखर्चानं येईन' असं पत्रात लिहा. मला पहिला फोन त्यानंतर आला. भाड्याचा करार कधी संपतो ते बघा आणि मुलं असतील तर ऑगस्टात हला, सप्टेंबरच्या सुमारास शाळा सुरू होतात. कॅनडात नवं घर नव्या कामाच्या ठिकाणाला जुन्या घरापेक्षा निदान ४० किलोमीटर जवळ असेल, तर हलण्याचा खर्च कर मोजण्याआधी नव्या कमाईतून वजा मागता येतो. ट्रकची, पेट्रोलची, मोटेलची बिलं जपून ठेवा. मी निम्मी फेकून दिली होती. अल्बर्टाचं आरोग्यकार्ड दुसऱ्या प्रांतातून आलेल्याला तिसऱ्या महिन्याच्या पहिल्या तारखेपासून लागू होतं, तोवर जुनं चालतं, ते रद्द करायची घाई नको. गाडीचं लायसन्स मात्र ९० दिवसांत बदलावं लागतं.

हे सगळं बोलून होईपर्यंत भाच्याची बायको सेव-उसळीच्या वाट्या घेऊन बाहेर आली. ती फिजिओथेरपिस्ट आहे, सहा वर्षांची प्रॅक्टिस. तिनं तक्त्यावर नजर टाकली आणि विचारलं, "यात मी कुठं आहे?"

खरंच, नऊ शहरं आणि तीन रकाने, पण तिच्या कामाची एकही ओळ नव्हती. कॅनडात पदवीची तपासणी, मग परीक्षा, मग त्या प्रांताच्या संस्थेची नोंदणी, एवढं झाल्याशिवाय तिला फिजिओथेरपिस्ट म्हणून स्वतंत्रपणे काम करता येणार नाही. तिनं वाटी बाजूला ठेवली, लॅपटॉप आपल्याकडे ओढला आणि 'थंडी' हा शब्द खोडून तिथं लिहिलं: 'माझं लायसन्स, किती महिने, किती डॉलर'.

भाचा काही बोलला नाही. उसळीवर तर्री घेत राहिला.