गाडीला ट्रेलर लावताय? वजनाच्या या चुका टाळा

आमच्या घोडबंदरच्या सोसायटीत आता दोन कॅरव्हॅन ट्रेलर उभे असतात आणि पावसाळा संपला की कोणीतरी येऊन मला हमखास विचारतं, "माझी गाडी 1500 किलो ओढते, मग 1400 चा ट्रेलर चालेल ना?" एवढ्यावर नाही हो सांगता येत. तेच तेच सांगून कंटाळलोय, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे ओढायचं लिमिट बघायचं आणि गाडीचं स्वतःचं लिमिट विसरायचं. ट्रेलरचं सगळं वजन त्याच्या चाकांवर नसतं, साधारण दहा टक्के हिचच्या (गाडीमागे ट्रेलर अडकवायची जोडणी) बॉलवर येतं आणि ते गाडीलाच उचलायचं असतं, म्हणजे माणसं, बॅगा, कॅरिअर यांच्या हिशोबातच ते धरायचं. मॅन्युअलमध्ये जीव्हीडब्ल्यू दिलेलं असतं, म्हणजे माणसं-सामान भरून गाडीचं जास्तीत जास्त किती वजन चालेल ते. त्यातून रिकाम्या गाडीचं वजन वजा करा, उरेल तेवढंच तुमच्या हातात.

माझ्या भाऊजींची सात सीटर डिझेल आहे. ट्रेलर बनवून देणाऱ्याने "1100 किलो आहे" म्हणून सांगितलं, मॅन्युअलमध्ये 1500, भाऊजी निर्धास्त. आम्ही सहाजण इगतपुरीहून परत येत होतो आणि कसारा घाट उतरताना जळका वास यायला लागला. आधी वाटलं पुढच्या ट्रकचा असेल. मग भाऊजी म्हणाले, "अरे, पेडल खाली जातंय." मी म्हटलं गिअर खाली टाका, ब्रेकवर पाय ठेवून बसू नका, आणि जिथे पहिली रुंद जागा मिळाली तिथे कडेला घेतली. पुढच्या रिमवर बाटलीच्या टोपणातलं पाणी सांडलं तर चर्रकन आवाज होऊन नाहीसं झालं. (डिस्कवर मात्र पाणी ओतू नका, वाकते.) पाऊण तास थांबलो, ताई मुलांना घेऊन रेलिंगच्या पलीकडे बसून होती, कोणी काही बोलत नव्हतं.

झालं काय होतं, तर ट्रेलरचे ब्रेक ढिले होते, त्यामुळे सगळा भार गाडीच्या ब्रेकवर आला, आणि ब्रेक ऑइल कित्येक वर्षं बदललेलं नव्हतं. हे ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि लवकर उकळायला लागतं. नवं डॉट 4 (ब्रेक ऑइलचा एक प्रकार) किमान 230 अंशांपर्यंत टिकतं, पाणी धरलेलं 155 च्या आसपासच उकळू शकतं, आणि वाफ झाली की पेडल पोकळ.

दुसऱ्या दिवशी मी हट्टाने सगळ्यांना सामानासकट भिवंडीला गोदामांकडच्या वजनकाट्यावर नेलं. ट्रेलर सोडवून एकटा 1480 भरला, 1100 नाही! शंभर लिटरची पाण्याची टाकी म्हणजे शंभर किलो, इन्व्हर्टरची बॅटरी पन्नासच्या वर, भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास तीस, मग गाद्या, खुर्च्या, सायकली, रेशन. बनवणारा सांगतो ते रिकाम्या डब्याचं वजन असतं. आणि ट्रेलर जोडून, पण त्याची चाकं काट्याबाहेर ठेवून, सगळे आत बसल्यावर नुसती गाडी 2660. गाडीचं जीव्हीडब्ल्यू होतं 2610. ट्रेलर लिमिटच्या आत आणि गाडी बाहेर, हे भाऊजींना पावती हातात घेतल्यावरच पटलं. आता पाणी मुक्कामाला पोचल्यावर भरतात, सायकली घरीच.

काटा करायला फारसा वेळ लागत नाही, पैसेही किरकोळ. तरी लोक म्हणतात "अंदाज आहे मला". नवीन माणसाचा अंदाज नेहमी कमीच निघतो, मी तरी जास्तीचा कधी बघितला नाही.

दुसरी चूक याच्या उलटी. हिचवर वजन नको म्हणून सगळं जड सामान ट्रेलरच्या मागच्या टोकाला कोंबायचं. मग पुढचं टोक हलकं होतं आणि बाजूने बस गेली की ट्रेलर शेपटीसारखा झुलायला लागतो. जड वस्तू खाली आणि एक्सलच्या थोडं पुढे ठेवा. हिचवरचं वजन मी घरच्या वजनकाट्यावर लाकडी फळी ठेवून मोजतो, ट्रेलर आडवा सपाट ठेवून, दीड टनाच्या ट्रेलरला दीडशेच्या आसपास यायला हवं. मात्र हिचचं आणि गाडीचं लिमिट त्याहून कमी असेल तर तो ट्रेलर त्या गाडीसाठी नाहीच. झुलायला लागलाच तर अॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरा, जोरात ब्रेक नको.

बंपरखालचा ओढून न्यायचा हुक बंद पडलेल्या गाडीसाठी असतो, त्याला ट्रेलर लावू नका.

मॅन्युअलमध्ये ब्रेक असलेल्या आणि नसलेल्या ट्रेलरचे आकडे वेगळे असतात, लोक मोठा तेवढाच वाचतात. आणि ट्रेलर ओढू नये असंच लिहिलं असेल तर विषय संपला, गॅरेजवाला काहीही म्हणो.

टायरची हवा सकाळी थंड असताना, पूर्ण लोडच्या आकड्याप्रमाणे. ट्रेलरच्या टायरचीसुद्धा.