मुरुमांसाठी ॲसिड सीरम: नागपूरच्या उन्हात जरा जपून

वारंवार मुरूम येणाऱ्या तेलकट त्वचेसाठी सॅलिसिलिक ॲसिडचं सीरम निवडा. ते तेलात विरघळतं, त्यामुळे रंध्रांत साचलेल्या तेलापर्यंत आणि मृत पेशींपर्यंत पोचतं. सुरुवातीला 2 टक्क्यांपेक्षा जास्त नको. आधी जबड्याच्या कडेला लावून दोन-तीन दिवस वाट बघा. मग आठवड्यातून दोनच रात्री, चेहरा धुऊन पूर्ण कोरडा झाल्यावर, पातळ थर लावा. वरून साधं, बिनसुगंधी मॉइश्चरायझर हवंच. तेलकट त्वचेलाही ते लागतं.

त्या रात्री रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचा प्रकार असलेलं क्रीम किंवा सीरम) किंवा स्क्रब नको. लिंबू तर कधीच नको.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांपर्यंत जातो. ग्लायकोलिकसारख्या ॲसिडने त्वचा उन्हाला आणखी हळवी होते, म्हणून या दिवसांत मी ते सुचवणार नाही. सीरम कुठलंही असो, सकाळी एसपीएफ 30 किंवा जास्त सनस्क्रीन लावा. गाडीवर बांधायचा स्कार्फ रोज धुतलेला घ्या, घामट कापड घासूनही मुरूम वाढतात.

फरक दिसायला सहा ते आठ आठवडे द्या. सतत जळजळ किंवा सालं निघाली तर लगेच थांबवा. गरोदर असाल, किंवा मुरूम खोल आणि दुखरे असतील, तर आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा.